नेमका डॉक्टर कसा शोधायचा: पाटीवरच्या अक्षरांपासून नागपूरच्या ओपीडीपर्यंत

माझ्या काउंटरवर दिवसाला चाळीस-पन्नास चिठ्ठ्या येतात. औषधाचं नाव वाचण्याआधी माझी नजर वर जाते, डॉक्टरच्या नावाखालच्या बारीक अक्षरांवर. पांढरकवड्याजवळच्या गावात औषधाचं दुकान चालवतो, त्याला एकवीस वर्षं झाली. "मोठ्या डाक्टरले दाखवलं जी, पण फरक नाई," हे वाक्य आठवड्यातून तीनदा तरी कानावर पडतं. कोणत्या डॉक्टरला दाखवलं म्हणून विचारलं की उत्तर येतं, "नागपूरच्या." तो कशाचा डॉक्टर होता, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. कापसाच्या चुकाऱ्यातले पैसे, एसटीचं भाडं, दोन माणसांची बुडालेली मजुरी, उसनवारीवर काढलेला एमआरआय, सगळं भलत्याच दारात खर्ची पडतं.

आमच्या घरी हेच झालं. बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. शर्टाची बटणं लावायला त्यांना पाच मिनिटं लागायची आणि ती लावताना कोणी बघितलेलं त्यांना आवडायचं नाही. आधी कमजोरी म्हणून सलाईन झाल्या. मग हाडांच्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढून पट्टा दिला. अकरा महिने गेले. शेवटी यवतमाळच्या एका फिजिशियनने चिठ्ठी दिली, "न्यूरोलॉजिस्टला दाखवा." मी दीडशे किलोमीटर गाडी करून बाबांना नागपूरला नेलं आणि पाटीवर 'न्यूरो' दिसलं त्या दवाखान्यात पाच तास बसलो. ते न्यूरोसर्जन निघाले. भले माणूस, फी परत दिली आणि म्हणाले, हे माझं काम नाही, हे औषधाने बरं ठेवायचं दुखणं आहे. औषधांच्या धंद्यात राहूनही मला तो फरक त्या दिवशी कळला. त्यानंतर जे शिकलो, विचारलं, पडताळलं, ते इथे क्रमाने लिहितो.

आधी हे: कधी शोधत बसायचं नाही

काही वेळा तज्ज्ञ शोधणं हीच चूक असते. साप चावला की सरळ जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. विषावरची लस तिथे असते, ती जितकी लवकर तितकी चांगली. फवारणी करताना विषबाधा झाली तर अंगावरचे कपडे काढून, साबणाने अंग धुऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या आणि औषधाचा डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत घ्या. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्याने फवारणीत किती माणसं गमावली ते आम्ही विसरलेलो नाही.

तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, जीभ अडखळली तर तो मेंदूचा झटका समजा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून १०८ ला फोन करताना जिथे सीटी स्कॅन आहे तिथे न्यायला सांगा. छातीवर दडपण, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, याला आपल्याकडे "गॅस झाला" म्हणून सोडा पाजतात. सोडा बाजूला ठेवा, आधी ईसीजी. तो ग्रामीण रुग्णालयात निघतो.

खालचं सगळं आहे ते बाकीच्या दुखण्यांसाठी, ज्यांत दोन-चार दिवस विचार करायला सवड असते.

घरी बसून एक कागद लिहा

डॉक्टरची निवड दुखण्याच्या वर्णनावर ठरते आणि वर्णन आपण घाईत करतो. "अंग दुखते, भूक नाई, झोप नाई, चक्कर येते" असं एका दमात सांगितलं की समोरचा चार गोळ्या लिहून मोकळा होतो. म्हणून वहीचं एक पान घ्या. सर्वांत जास्त त्रास कशाचा, तो कधीपासून, दिवसाच्या कोणत्या वेळी, कशाने वाढतो, कशाने उतरतो. आधी झालेले आजार, ऑपरेशन, घरात कोणाला साखर, बीपी, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार). चालू औषधांच्या रिकाम्या पट्ट्या फेकू नका, त्याच पानाला टाचा. "पांढरी गोळी, सकाळची" एवढ्यावरून मलाही काही कळत नाही, डॉक्टरला कुठून कळणार?

घरच्या जुन्या वस्तूही कामाच्या असतात. बाबांची हिशोबाची वही मी सहज पिशवीत टाकली होती. न्यूरोलॉजिस्टने ती पाहिली आणि दोन वर्षांपूर्वीचं पान आणि कालचं पान शेजारी धरलं. आधीचं अक्षर ठसठशीत. नंतरचं ओळीच्या शेवटाकडे बारीक होत मुंगीएवढं झालेलं. हातात कोरा कागद देऊन त्यांनी बाबांना "कापूस, तूर, सोयाबीन" लिहायला लावलं, दोन बोटं टकटक वाजवायला सांगितली, दारापर्यंत चालवून परत बोलावलं. पार्किन्सनचा आजार त्यांनी असा ओळखला. तोवर काढलेल्या एकाही महागड्या फोटोत तो दिसला नव्हता.

गावातला डॉक्टर वगळू नका

थेट नागपूर गाठायची घाई होते, पण दहापैकी सात-आठ दुखण्यांना तिथे जायची गरज नसते असा माझा अनुभव आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातले एमबीबीएस डॉक्टर, तालुक्यातले फिजिशियन किंवा ज्यांच्याकडे तुमचं घर वर्षानुवर्षं जातं ते डॉक्टर, यांच्याकडून दोन गोष्टी मिळवायच्या: प्राथमिक तपासण्या आणि पुढच्या डॉक्टरसाठी चिठ्ठी. चिठ्ठीवर तीन बाबी स्पष्ट लिहून मागा. शंका कशाची आहे, आतापर्यंत काय दिलं, आणि कोणत्या विषयाच्या डॉक्टरला दाखवायचं. डॉक्टरचं नाव नंतर, विषय आधी. मराठीत नीट विचारा, "सर, हा औषधवाला डॉक्टर की ऑपरेशनवाला?" हाच प्रश्न मी यवतमाळला विचारला असता तर पाच तास आणि गाडीचं भाडं वाचलं असतं.

अमक्याच दवाखान्यात, अमक्याच लॅबमध्ये जा असा आग्रह होत असेल आणि कारण सांगितलं जात नसेल तर सावध व्हा. पेशंट पाठवण्यासाठी टक्केवारी घेणं, ज्याला कट प्रॅक्टिस म्हणतात, ते डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत मना आहे. चांगला डॉक्टर दोन-तीन नावं सुचवतो आणि निवड तुमच्यावर सोडतो.

पाटी वाचायला शिका

इथे जरा वेळ घालवा, सगळी गोम इथेच आहे.

पाया म्हणजे एमबीबीएस: साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यापुढे तीन वर्षं करून एमडी किंवा एमएस. ढोबळमानाने एमडी म्हणजे औषधाने उपचार, एमएस म्हणजे शस्त्रक्रिया. स्त्रीरोगात मात्र दोन्ही अक्षरं दिसतात. डीएनबी दिसलं तर कमी समजू नका. ती राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी आहे आणि एमडी-एमएसच्या बरोबरीची धरतात. दोन वर्षांचे डिप्लोमाही असतात: लहान मुलांचा डीसीएच, बाळंतपण-स्त्रीरोगाचा डीजीओ, हाडांचा डी. ऑर्थो, भुलेचा डीए, कान-नाक-घशाचा डीएलओ, डोळ्यांचा डीओएमएस, त्वचेचा डीव्हीडी, मानसोपचाराचा डीपीएम. तालुक्याच्या गावात तीस वर्षं बाळंतपणं सांभाळलेल्या डीजीओ बाईंकडे मी माझी मुलगी डोळे मिटून नेईन; डिप्लोमा आहे म्हणून नाक मुरडू नका.

त्याच्याही वरची पायरी म्हणजे आणखी तीन वर्षांचं डीएम किंवा एमसीएच, ज्याला सुपरस्पेशालिटी म्हणतात. डीएम म्हणजे एकाच अवयवाचा औषधवाला: हृदयाचा कार्डिओलॉजिस्ट, मेंदू-नसांचा न्यूरोलॉजिस्ट, किडनीचा नेफ्रोलॉजिस्ट, पोट-लिव्हरचा गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्ट, थायरॉइड-साखर अशा ग्रंथींच्या दुखण्यांचा एन्डोक्रायनॉलॉजिस्ट. एमसीएच म्हणजे एकाच भागाचा ऑपरेशनवाला: न्यूरोसर्जन, मूत्रमार्गाचा युरोलॉजिस्ट, हृदय-छातीचा सर्जन, प्लास्टिक सर्जन, लहान मुलांचा सर्जन. राष्ट्रीय मंडळाची याच पायरीची पदवी डॉ.एनबी म्हणून लिहितात.

आता कंसाकडे बघा. 'एमडी' एवढंच लिहिलेलं असेल तर अर्धीच माहिती मिळाली. एमडी (मेडिसिन) म्हणजे फिजिशियन, एमडी (पेडियाट्रिक्स) म्हणजे बालरोगतज्ज्ञ, एमडी (पॅथॉलॉजी) म्हणजे रक्त-लघवी तपासणारे. आणि एमडी (आयुर्वेद), एमडी (होमिओपॅथी) याही खऱ्याच पदव्या आहेत, पण त्या त्या पद्धतीच्या. कंस नसेल तर कंपाउंडरला विचारा, "सायबांचं एमडी कशातलं?" यात अपमान काही नाही.

आपल्या खेड्यांत रात्री दोन वाजता दार उघडणारा डॉक्टर बहुतेकदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. त्यांचं मोल मला माहीत आहे, आमच्या गावाचा ताप, जुलाब, जखमा त्यांनीच निभावल्या. आयुर्वेदातही एमएस (शल्य) होतं, आणि मूळव्याध, भगंदरावर क्षारसूत्र (औषधी दोऱ्याचा उपचार) करणारे अनुभवी लोक त्यात आहेत. पेशंटला माहीत असायला हवं ते एवढंच, की समोरच्याचं शिक्षण कोणत्या शास्त्रात झालं. आयुर्वेदाच्या पाटीखाली हृदयाचा तज्ज्ञ म्हणून बसलेला असेल तर विचारणं आपलं काम आहे.

पाटीवर पदव्यांच्या मागे लांबलचक शेपूट असतं, त्याला भुलू नका. एफ ने सुरू होणारी फेलोशिप कधी वर्ष-दोन वर्षांच्या खऱ्या प्रशिक्षणाची असते, कधी थोड्या दिवसांच्या कोर्सची. एम ने सुरू होणारी काही अक्षरं नुसती एखाद्या संघटनेचं सभासदत्व सांगतात. मधुमेहाचा प्रमाणपत्र कोर्स केलेला डायबेटॉलॉजिस्ट आणि डीएम केलेला एन्डोक्रायनॉलॉजिस्ट या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. साध्या साखरेला पहिला पुरतो, अवघड झाली की दुसरा. 'सुवर्णपदक विजेते', 'माजी निवासी डॉक्टर' या ओळींनी पदवी वाढत नाही.

नावाआधी 'डॉ.' असलेला प्रत्येक जण औषध लिहिणारा डॉक्टर नसतो. बीपीटी, एमपीटी म्हणजे फिजिओथेरपिस्ट, आणि फिजिशियनशी त्याची गल्लत रोज होते. बीडीएस, एमडीएस दातांचे. मानसशास्त्रात पीएचडी केलेले समुपदेशन करतात. औषध लिहितो तो मानसोपचारतज्ज्ञ, एमडी किंवा डीपीएम. डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियन. त्याने केलेल्या तपासणीच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरची सही असली पाहिजे. 'इलेक्ट्रोपॅथी', 'अल्टरनेटिव्ह मेडिसिनचे एमडी' अशी पाटी दिसली तर पायरी चढू नका.

कोणत्या दुखण्याला कोण

ज्या जोड्यांत आपले लोक सर्वांत जास्त फसतात त्या आधी सांगतो.

मुतखडा, लघवी अडणं, प्रोस्टेट: युरोलॉजिस्ट. पायावर-तोंडावर सूज, रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं, डायलिसिस: नेफ्रोलॉजिस्ट. दोघांच्याही पाटीवर किडनीचं चित्र असतं, म्हणून अक्षरं वाचा, एमसीएच की डीएम.

फिट येणं, अर्धशिशी, हात थरथरणं, लकव्यानंतरचे उपचार: न्यूरोलॉजिस्ट. डोक्याला मार, मेंदूतली गाठ, मणक्याचं ऑपरेशन: न्यूरोसर्जन.

कंबर दुखली की आधी हाडांचे डॉक्टर, एमएस किंवा डी. ऑर्थो. बहुतेक कंबरदुखी आराम, व्यायाम आणि फिजिओथेरपीने आवरते. पण पाय लुळे पडू लागले, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात, कारण नस दबलेली असू शकते.

स्तनात गाठ लागली तर बायका स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जातात आणि तेही बरेचदा लाजेने सहा महिन्यांनी. तो विषय जनरल सर्जनचा किंवा कॅन्सर सर्जनचा. सर्जन बाई हव्या असतील तर फोनवरच तसं विचारा, पण थांबू नका. हर्निया, मूळव्याध, अपेंडिक्स, पित्ताशयातले खडे हेही जनरल सर्जनकडे. लहान मुलाचा हर्निया किंवा गोटी खाली न उतरणं असेल तर लहान मुलांचा सर्जन.

चक्कर येते म्हणून थेट मेंदूचा डॉक्टर नको. आधी फिजिशियन, बीपी-साखर-हिमोग्लोबिन बघून घेतील. डोकं हलवलं की घर फिरत असेल तर मूळ अनेकदा कानात निघतं, तेव्हा कान-नाक-घसा.

खर्ऱ्याबद्दल, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीबद्दल, वेगळं लिहितो, कारण माझ्या दुकानासमोरच्या टपरीवर तो घोटला जातो आणि तो खाणारी विशी-पंचविशीची पोरं माझ्याकडे तोंडाला लावायचं जेल मागायला येतात. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील, तिखट लागताच आग होत असेल, तर दंतवैद्याकडे, शक्यतो तोंडाचा सर्जन असलेल्या एमडीएसकडे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे 'मेडिकल'च्या, परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड, पांढरा किंवा लाल चट्टा असेल तर जेल लावत बसू नका. कान-नाक-घसा किंवा कॅन्सर सर्जनला दाखवून तुकडा तपासून घ्या. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे.

लेकराचे सांधे वारंवार दुखतात, डोळे पिवळे होतात, रक्त कमी पडतं, तर आपल्या विदर्भात सिकलसेल आधी डोक्यात यायला हवा. पहिली तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, पक्की तपासणी वरच्या पातळीवर. उपचार बालरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियनकडे सुरू होतात, गुंतागुंत झाली तर रक्तविकारतज्ज्ञ. अंगावर सुन्न चट्टा असेल किंवा दोन आठवड्यांवर खोकला असेल तर खासगी तज्ज्ञ शोधायचीही गरज नाही. कुष्ठरोग आणि क्षयरोगाची तपासणी, औषध दोन्ही सरकारी केंद्रात फुकट मिळतं.

झोप उडालेली, माणूस गप्प झालेला, "आता जगून काय करू" असं बोलतोय, तर तो अंगारा-धुपाऱ्याचा विषय नाही. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या सरकारी मदतीचा, क्रमांक २४ तास चालतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांची ओपीडी असते. आणि त्या माणसाला घरात एकटं ठेवू नका. फवारणीचं औषध घरातून हलवा.

नोंदणी तपासायला दोन मिनिटं लागतात

एमबीबीएस आणि त्यावरच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकला की नोंद दिसते. एमडी, डीएम अशा पुढच्या पदव्याही तिथे अतिरिक्त अर्हता म्हणून नोंदवाव्या लागतात, म्हणून तिथे कोणत्या पदव्या दिसतात ते पाटीशी ताडून बघा. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत, त्यामुळे बीएएमएस डॉक्टर वैद्यक परिषदेच्या यादीत दिसला नाही म्हणून तो खोटा ठरत नाही.

आमच्या भागातले बरेच लोक आदिलाबादला दाखवतात. तिथल्या डॉक्टरांची नोंद तेलंगणाच्या परिषदेकडे सापडेल किंवा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या देशभराच्या यादीत.

हे जमत नसेल तर चिठ्ठी बघा. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आणि दवाखान्यात लावलेला असणं नियमाने बंधनकारक आहे. क्रमांक नसलेल्या चिठ्ठ्या माझ्याकडे येतात तेव्हा मी गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन सांगतो, धंदा गेला तरी चालेल. बोगस वाटलं तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा.

कुठे मिळेल: विदर्भाचा नकाशा

सरकारी शिडी अशी आहे: उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आणि वर वैद्यकीय महाविद्यालय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासणी मोफत आहे. वैद्यकीय महाविद्यालयं दुसऱ्या विभागाकडे येतात, तिथे थोडं शुल्क लागतं.

फिजिशियन, सर्जन, स्त्रीरोग, बालरोग, हाडं, डोळे, भूल एवढे तज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी साधारणपणे भेटतात. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाची शासकीय महाविद्यालयं आधीपासून आहेत. २०२४ मध्ये अमरावती, बुलडाणा, वाशीम, भंडारा, गडचिरोली इथेही सुरू झाली. नव्या ठिकाणी सुपरस्पेशालिस्ट मिळतीलच असं धरून निघू नका, फोन करा. डीएम-एमसीएच हवा असेल तर नागपूरचं मेडिकल आणि त्याचं 'सुपर' (सुपरस्पेशालिटी रुग्णालय), मेयो (नागपूरचंच दुसरं शासकीय महाविद्यालय), मिहानमधलं एम्स, अमरावतीचं 'सुपर', वर्ध्याजवळचं सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं रुग्णालय. सेवाग्रामचं महाविद्यालय १९६९ पासून आहे आणि आमच्याकडच्या तीन पिढ्यांनी तिथला केसपेपर काढलेला आहे. खासगीत नागपूरच्या धंतोली आणि रामदासपेठेत इतके दवाखाने आहेत की चौकात उभं राहून विचारलं तर रिक्षावाला त्याच्या ओळखीच्या दारात सोडेल. पत्ता घरून लिहून न्या.

तालुक्याला महिन्यातून एकदा-दोनदा नागपूरचे तज्ज्ञ येऊन बसतात, बहुतेक वेळा एखाद्या औषधाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. प्रवास वाचतो, चांगली सोय आहे. पण मधल्या दिवसांत त्रास वाढला तर कोणाला फोन करायचा, हे त्याच भेटीत विचारून ठेवा. ऑपरेशन करणारा डॉक्टर दुसऱ्या दिवशी गावात नसेल तर जखमेकडे कोण बघणार, हा प्रश्न तर विचाराच.

भरती किंवा ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना लक्षात ठेवा. १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार सोबत हवं. योजना ठरलेल्या उपचारांना आणि यादीतल्या रुग्णालयांनाच लागू आहे, साध्या ओपीडीला नाही. म्हणून रुग्णालय निवडण्याआधी १५५३८८ वर विचारा, आणि तिथे पोचल्यावर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राचं (योजनेच्या माणसाचं) टेबल गाठा. आधी भरलेले पैसे परत मिळवताना लोकांची दमछाक होते. शाळा-अंगणवाडीतल्या मुलाच्या हृदयाला छिद्र निघालं, ओठ फाटलेला असला, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला सांगा. तपासणी आणि शस्त्रक्रियेची सोय त्यातून होते.

निघण्याआधी

मोठ्या रुग्णालयात प्रत्येक विभागाचे ओपीडीचे वार ठरलेले असतात आणि नोंदणीची खिडकी सकाळीच बंद होते. वार विचारल्याशिवाय पहाटेची एसटी धरू नका. एम्सची नोंदणी ऑनलाइन होते. घरातल्या कॉलेजच्या पोरीला सांगा, ती करून देईल.

फाइल तारखेप्रमाणे लावा, सर्वांत नवा कागद वर. एक्स-रे, एमआरआयच्या फिल्म दुमडू नका. रिपोर्टच्या झेरॉक्स काढून एक संच घरी ठेवा. उपाशीपोटी यायचं का, विचारा. आणि सोबत एकच माणूस न्या, जो रोज पेशंटजवळ असतो. जीप भरून भावकी गेली तर केबिनमध्ये सगळे बोलतात आणि पेशंट गप्प बसतो. घरच्या सुनेला सगळं माहीत असतं. तिलाच आत न्या.

केबिनमध्ये

दारातच घाबरून जायला होतं, म्हणून प्रश्न लिहून न्या. आजाराचं नाव काय, ते कागदावर लिहून द्याल का? ही तपासणी केली नाही तर काय अडेल? औषध किती दिवस, थांबवायचं कधी? काय झालं तर लगेच यायचं? ऑपरेशन सांगितलं तर: दुसरा पर्याय आहे का, किती दिवस थांबता येईल, एकूण खर्च किती, कोण करणार आणि भूल कोण देणार? विचारलं म्हणून चिडणाऱ्या डॉक्टरकडे दुसऱ्यांदा जाण्याआधी मी विचार करीन.

तातडी नसलेल्या प्रत्येक मोठ्या ऑपरेशनआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, शक्यतो पहिल्याच्या ओळखीबाहेरचं. त्यासाठी कागद लागतात आणि ते मागणं तुमचा हक्क आहे. मागणी केल्यापासून ७२ तासांत उपचाराची कागदपत्रं द्यावीत असं डॉक्टरांचा नियम सांगतो. दोन मतं वेगळी आली तर घाबरू नका. दोन्ही कागद घेऊन गावाकडच्या फिजिशियनकडे या आणि त्यांच्यासोबत बसून ठरवा.

परत आल्यावर नागपूरच्या चिठ्ठीची एक प्रत गावातल्या डॉक्टरला द्या. मधल्या काळात ताप-खोकला झाला की तेच बघणार आहेत आणि कोणतं औषध चालू आहे ते त्यांना ठाऊक हवं. बाबांना एकदा उलटीवर साधं इंजेक्शन देणार होते. पार्किन्सनमध्ये काही उलटीची औषधं त्रास वाढवतात, हे चिठ्ठीवर लिहिलेलं होतं म्हणून ते टळलं.

बाबा आता शर्टाची बटणं स्वतः लावतात, हळू, पण लावतात. तीन महिन्यांतून एकदा आम्ही जातो. फाइलमध्ये सर्वांत वर हिशोबाच्या वहीचं ते पान आहे आणि दर भेटीला डॉक्टर त्याखाली तारीख टाकून "कापूस, तूर, सोयाबीन" लिहून घेतात.